भाऊसाहेबांची समुद्रपाहणी

मोखाड्याच्या पंचायत समितीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे भाऊसाहेब पाण्याच्या पेल्यावरून माणसाची पारख करायचे. कुणी अर्धा पेला पिऊन तसाच ठेवला, की ते उठायचे, उरलेलं पाणी खिडकीतल्या गवती चहाच्या कुंडीत ओतायचे आणि त्या माणसाचं काम दुपारनंतर हातात घ्यायचे. पेला संपवणाऱ्याचं काम लगेच. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांना माहीत होतं. तहान नसली तरी ते पेला रिकामा करायचे. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात चुकून दोन घोट ठेवले होते. भाऊसाहेबांनी ते कुंडीत ओतले, आणि त्या दोन घोटांची रुखरुख मला अजून आहे. माझा स्वभावच तसा आहे. बसमध्ये दुसऱ्याचा पाय कुणी तिसऱ्याने तुडवला तरी माफी मी मागतो.

आमच्याकडे ग्रामसेवक, तलाठी, कारकून सगळेच भाऊसाहेब. पण "भाऊसाहेब कुठंयत?" एवढंच कुणी विचारलं, तर ते हे टँकरवाले भाऊसाहेब. तालुक्याच्या टँकरचं टेबल वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. आमच्या डोंगरात पावसाळ्यात पाण्याचा नुसता धिंगाणा असतो आणि होळीनंतर विहिरीत बादली खडकाला लागते. मग गाव ठराव करतं, प्रस्ताव येतो, पाहणी होते, आणि टँकर येऊन गावच्याच आटलेल्या विहिरीत पाणी ओततो. बाया ते पुन्हा शेंदून घरी नेतात. कुठल्या पाड्याला किती, हे ठरवण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी ठरवलं, की अंदमानला जायचं, पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि समुद्राच्या तळाशी उतरायचं.

याची सुरुवात डहाणूला झाली असं मला वाटतं. ऑफिसची सहल गेली होती. भाऊसाहेब खोडाळ्याचे, बाप डोंगरउतारावर नागलीची शेती करणारा. समुद्र त्यांनी आधी पाहिला होता, पण कामानिमित्त, जीपच्या खिडकीतून. त्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे राहिले, ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकून हसायला लागले. परतीच्या गाडीत विक्रमगड येईपर्यंत ते मधूनमधून हसत होते. कशाला हसताय विचारलं तर हाताने ‘काही नाही’ अशी खूण करायचे. पुढच्या महिन्यात मोबाईलवर रंगीत मासे आणि पोवळ्यांचे व्हिडिओ दिसायला लागले. ते मला फोन दाखवायचे. पाण्याखाली एक माणूस हात जोडल्यासारखे पुढे धरून तरंगत चाललेला असायचा.

"बघ जव्हारवाल्या," ते म्हणायचे, "कसा निवांत चाललाय. ह्याला कुणी काय मागत नाय."

मी जव्हारहून रोज बसने यायचो म्हणून जव्हारवाला.

तयारी त्यांनी ऑफिसच्या पद्धतीने केली, कारण दुसरी पद्धत त्यांना येत नव्हती. विषय: समुद्राखालील पाहणी. स्थळ: अंदमान. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कान आणि रक्तदाब तपासून सही दिली, पण बजावलं की या वेळी देतो, पुढे रक्तदाब असाच राहील याची खात्री नाही, निवृत्तीनंतर वगैरे बेत ठेवू नका. म्हणजे काय करायचं ते नोकरीतच करायचं होतं. मग त्यांनी अंदमानात पाण्याखाली नेणाऱ्या एका माणसाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि ऑफिसातली अर्धी माणसं टेबलाभोवती. भाऊसाहेबांनी हिंदीत विचारलं, की एका माणसाला हवा किती मिळते, टाकी भरताना कोण बघतो, आणि वाटेत गळती होते का. तो माणूस शांत होता. पोहता येत नसलं तरी चालेल, म्हणाला, आमचा माणूस हात धरून नेतो. आणि या, पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये या. तेव्हा पाणी काचेसारखं असतं, थेट तळ दिसतो.

भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "तेव्हा आपल्याकडं पण तळच दिसतो."

अडचण इथेच होती. समुद्र निवळतो तेव्हाच आमच्या विहिरी आटतात. दिवाळीनंतर टंचाईचा आराखडा, मग अधिवेशनामुळे रजा बंद, आणि त्यानंतर टँकर. पहिल्या वर्षी त्यांनी मार्चची तिकिटं काढली आणि स्वतःच रद्द केली. त्या वर्षी चार पाडे नव्याने यादीत आले होते. रद्द केल्याचं त्यांनी मला चहा पिताना सांगितलं, जणू भाजी आणायला विसरल्यासारखं. आता एकच उन्हाळा उरला होता.

तरी तयारी थांबली नाही. कुठेतरी वाचून की ऐकून त्यांनी श्वास रोखून धरायचा सराव सुरू केला, आणि त्यासाठी जागा निवडली ती आढावा बैठकीची. बीडीओ साहेब बोलायला लागले, की भाऊसाहेब गाल फुगवून समोर बघत बसायचे. चेहरा लाल व्हायचा, कपाळावरची शीर दिसायला लागायची. साहेब नवे होते. त्यांना वाटलं हा जुना माणूस आपल्या बोलण्याने पेटलाय. ते आवाज खाली आणायचे, मग मुदत वाढवून द्यायचे. दोन-तीन बैठका आमच्या फार सुखाच्या गेल्या. पुढे अंदमानवाल्याने फोनवर सांगितलं, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हाच पहिला नियम आहे. भाऊसाहेबांनी त्याच दिवशी सराव सोडला आणि पुढच्या बैठकीत साहेबांनी आम्हाला धू धू धुतलं.

पोहता येत नसलं तरी चालेल, हे मात्र त्यांना पटलं नव्हतं. ज्या जागेची पाहणी करायची तिथे दुसऱ्याचा हात धरून जायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. जव्हारजवळ एका रिसॉर्टला पोहण्याचा तलाव होता. तिथला मॅनेजर माझ्या ओळखीचा, म्हणून मी शब्द टाकला. एप्रिलमधल्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. मॅनेजरने मोठ्या मानाने टॉवेल दिले, सरबत दिलं. भाऊसाहेब मुलाची चड्डी घालून काठावर बसले होते आणि त्यांनी एक पाय पाण्यात सोडला होता. मी लवकर उरकावं म्हणून गळ्यापर्यंत आत जाऊन उभा होतो. आणि भाऊसाहेबांनी सवयीने विचारलं, "पाणी कुठून येतं?"

"टँकरने, साहेब," मॅनेजर म्हणाला. "रोज नवं पाणी. काळजी नको."

भाऊसाहेबांनी पाय बाहेर घेतला. तो टॉवेलने पुसला. मग टॉवेल जास्वंदीच्या झाडावर पिळला आणि कपडे घालायला लागले. मॅनेजरला ते एका शब्दानेही टोचून बोलले नाहीत, उलट सरबत छान होतं म्हणाले. तलाव खाजगी, टँकर खाजगी, त्यात बेकायदा काही नव्हतं. प्रश्न माझा होता. मी गळ्यापर्यंत पाण्यात, आणि बाहेर आलो असतो तर अंगाबरोबर पाणी बाहेर आलं असतं. मी शिडीवर उभा राहून बराच वेळ निथळत राहिलो. वर आल्यावर मॅनेजरची माफी मागितली, मग भाऊसाहेबांची. परतताना मोटारसायकलवर ते म्हणाले, "तू कशाला माफी मागतोस रं? तू तर अर्धी अंघोळ पण नाय केलीस."

शेवटी पोहायला ते शिकले वांगणीच्या खालच्या डोहात, भादव्यात, पाण्याचा जोर ओसरल्यावर. वांगणी तालुक्याच्या टोकाला, रस्ता असा की जीपवाला निम्म्यातच उतरवतो. भाऊसाहेबांच्या बायकोचं, म्हणजे वैनींचं, माहेर तिथलं. गावातली म्हातारी माणसं काठावर बसून बघायची. सगळ्या उन्हाळ्यांत आपल्याला पाणी मोजून देणारा माणूस पाण्यात हातपाय मारतोय, ही करमणूक कुणी सोडली नाही. एक आजी होती, वैनींची लांबची चुलती. ती रोज सांगायची, "पोट वर कर, पोट. बेडकावानी." ते बेडकासारखे पोहायला लागले. फार लांब नाही, पण स्वतःच्या जिवावर.

वैनींचा विरोध मात्र कायम होता. प्रस्तावाला घरून ‘ना हरकत’ हवी म्हणून भाऊसाहेब मला साक्षीला खोडाळ्याला घेऊन गेले. वैनी तांदूळ निवडत होत्या. त्या माझ्याशीच बोलल्या, नवऱ्याकडे बघितलं नाही. "घरात नळ आलाय आता. त्याच्याखाली बस म्हणावं. अंदमानला कशाला?"

मी हसलो आणि लगेच वाईट वाटलं, कारण भाऊसाहेब हसले नव्हते. ते जमिनीवर बसले आणि तांदळातले खडे वेचायला लागले. मग खाली बघतच म्हणाले, "मी पाणी बघितलं की मला रांग दिसते. विहीर बघू दे, धरण बघू दे, डोहसुद्धा. हे किती घरांना पुरंल, तेच डोक्यात येतं. डहाणूला तसं नाय झालं. एवढं पाणी, आणि एकाला पिता येत नाय. कुणाला द्यायचंच नाय. त्याच्यात एकदा पुरतं जाऊन यायचंय."

वैनींनी सूप खाली ठेवलं. "मी पण येनार," त्या म्हणाल्या. "पन मी काठावर बसंन."

आता राहिली रजा. बीडीओ साहेबांनी अर्ज बघितला आणि बैठकीतच विचारलं, की मार्चमध्ये तुम्ही आठवडाभर नाही, तर टँकर कोण बघणार. बैठकीत सतराशे साठ विषयांवर बोलणारी माणसं तेव्हा छताकडे बघत होती. टँकरचं टेबल म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं: पहाटेपासून फोन, आणि कुणाच्याही तोंडचं पाणी पळालं तर बोल तुम्हाला. मीही छताकडे बघणार होतो. पण भाऊसाहेब कुणाकडेच बघत नव्हते. अर्जावर पेपरवेट सरळ ठेवत बसले होते, आणि ते मला बघवलं नाही. मी हात वर केला. करताक्षणीच खाली घ्यावासा वाटला, हेही लिहून टाकतो. पुढचे दोन आठवडे मी रोज मनात प्रार्थना करत होतो, की त्यांनी तिकिटं पुन्हा रद्द करावीत. रात्री जेवताना बायको विचारायची, काय झालंय, तर मी म्हणायचो ॲसिडिटी.

चार्ज त्यांनी कागदांचा दिलाच नाही. मोटारसायकलवर मागे बसवून मला विहिरी दाखवल्या. ते प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर वाकायचे आणि आत तोंड करून विचारायचे, "काय गं, बरी हायस ना?" आवाज कसा परत येतो त्यावरून किती खाली गेलीये ते त्यांना कळायचं. निदान ते तसं म्हणायचे. माझा अंदाज, ती त्यांची फक्त सवय होती. वांगणीला ते मला म्हणाले, आता तू विचार. भोवती हंडे घेऊन बाया उभ्या होत्या. मी पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, शर्ट आत खोचलेला. मला विहिरीशी बोलवेना.

"लाजतो काय?" ती डोहावरची आजी म्हणाली. "आधी तुझं नाव सांग तिला. वळखत नाय ती तुला."

मी वाकून विहिरीला माझं पूर्ण नाव सांगितलं आणि घाबरून पुढे हुद्दाही सांगितला. बाया इतक्या हसल्या की एकीच्या डोक्यावरची चुंबळ खाली पडली. विहिरीनेही ते सगळं परत सांगितलं. भाऊसाहेबांचं समाधान झालं. चार्ज दिला-घेतला, असं ते म्हणाले.

जायच्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. वैनींनी एका पिशवीत नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घेतली होती, समुद्रावर मासळी मिळेल की नाही याचा भरवसा नसल्यासारखी. भाऊसाहेब बसच्या खिडकीतून म्हणाले, "मी फोन करणार नाय. तू पण करू नको. केलास तर मी पाण्याखाली असलो तरी उचलीन."

त्यांनी खरंच केला नाही. मला वाटत होतं पहिल्याच संध्याकाळी येईल, मग वाटलं विमानतळावर उतरल्यावर येईल. फोन आला की मी त्यांचाच समजून उचलायचो आणि तो सरपंचांचा निघायचा. आणि चौथ्या दिवशी वांगणीचा टँकर घाटात बंद पडला. क्लच गेला होता, ड्रायव्हरचा दोष नव्हता, माझाही नव्हता. तरी मी मोटारसायकल काढून वांगणीला गेलो. ऑफिसात बसून फोनवर गावाला सांगायचा मला धीर नव्हता, तोंडासमोर उभं राहून शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं वाटलं.

बाया सकाळपासून बसल्या होत्या. मी सांगितलं की दुसरा टँकर मोखाड्याहून निघतोय, पण संध्याकाळ होईल. कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटलं. एक जण म्हणाली, भाऊसाहेब असते तर जवळच्या पाड्यावरचा टँकर इकडं वळवला असता. ते मला सुचलंच नव्हतं. पण कुठला वळवायचा, तिथे आज चालेल की नाही, हे त्यांनाच ठाऊक. मी खिशातून फोन काढला आणि वर चढावर रेंज शोधायला निघालो.

आजी उठून माझ्या मागे आली. "कुणाला लावतो?"

"भाऊसाहेबांना. एकच विचारतो."

"तो पान्यात हाय ना?"

"असतील."

"मग राहू दे," आजी म्हणाली. "इतकी वर्सं आमच्या पान्यापायी फिरला. चार दिस त्याच्या पान्यात राहू दे त्याला. आमी सांजपर्यंत बसतो. सवय हाय." मग खाली वळताना म्हणाली, "बेडकावानी पोट वर करतो का नाय, द्येव जाने."

मी फोन खिशात ठेवला. दुपारभर त्या बायांबरोबर आंब्याच्या सावलीत बसून राहिलो. त्यांच्याकडचं घोटभर पाणी मला देत होत्या, ते मी घेतलं नाही म्हणून एक चिडलीही. टँकर दिवस मावळता मावळता आला. विहिरीत पाणी पडल्याचा तो आवाज मी पहिल्यांदा एवढ्या जवळून ऐकला.

भाऊसाहेब परतल्यावर रविवारी मी खोडाळ्याला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. टँकर संध्याकाळी पोहोचला, जवळचा वळवायला हवा होता, मला सुचलं नाही, वगैरे. ओटीवर बसलो आणि तोंड उघडलं, तर भाऊसाहेब म्हणाले, "वांगणीचं कळलं मला, आजी बोलली. ते सोड. आधी माझं ऐक."

नाक काळं पडून सोललं होतं. डोळ्यांभोवती पाण्याखाली घालायच्या मुखवट्याच्या फटफटीत गोऱ्या गोल खुणा. त्यांनी मासे सांगितले: पिवळे, निळे, एक बावळट चेहऱ्याचा, जो आमच्या लेखाधिकाऱ्यासारखा दिसत होता आणि त्यांच्या मुखवट्याच्या काचेसमोर येऊन उभाच राहिला. तळाची वाळू, पोवळ्यांची झुडपं, आणि आपलाच श्वास कानात ऐकू येतो, ते. मग ते थांबले आणि वैनींनी पुढचं सांगितलं.

"पहिल्या दिवशी वर आले, तर तो शिकवनारा पोरगा ह्यांच्यावर ओरडतोय. मला वाटलं, ह्यांनी खालनं काय तरी उचललं."

उचललं काहीच नव्हतं. भाऊसाहेबांनी हवा वाचवली होती. टाकीवर काटा असतो, भरलेली किती, उरली किती ते दाखवणारा, आणि खाली गेल्यावर त्यांची नजर माशांपेक्षा त्या काट्यावर जास्त होती. श्वास रोखायचा नाही हे लक्षात होतं, म्हणून रोखला नाही, पण घेतला तो चिमूटभर. एक घेतला की बराच वेळ नाही. त्यांचं डोकं ठणकायला लागलं आणि त्यांना सगळ्यांआधी वर आणावं लागलं. काटा पाहून तो पोरगा चक्रावला. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली.

"म्हनतो, अंकल, साँस क्यों बचा रहे हो?" वैनी म्हणाल्या. "आनी हे त्याला इचारतात, उरलेली कुणाला देनार?"

पोरगा म्हणाला होता, कुणाला नाही. ती टाकी तुमची आहे. वाचवाल तर डोकं दुखेल, जास्त वाचवाल तर जीव जाईल. उद्या असंच केलंत तर मी तुम्हाला खाली नेणार नाही. भाऊसाहेब त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. भाकरीची पिशवी तशीच होती. वैनींनी त्यांना काठावर बसवलं आणि सांगितलं, की माझ्यासमोर श्वास घ्या, मोठा, आणि मोजू नका. ते बोटांवर मोजायला लागले, की वैनी त्यांची बोटं सोडवत होत्या.

"मग?" मी विचारलं. "दुसऱ्या दिवशी?"

भाऊसाहेबांनी मुठी उघडून तळवे मांडीवर ठेवले. चेहऱ्यावर डहाणूच्या गाडीतलं हसू नव्हतं, त्याहून साधं काहीतरी होतं.

"काट्याच्या लाल रेघेपर्यंत," ते म्हणाले. "तो पोरगा वर चला म्हणाला म्हणून आलो. सगळी वापरली रं. कुणासाठी ठेवली नाय."

आणि पोटभर जेवलेल्या माणसासारखे ते मागे भिंतीला टेकले.